भूत काढलंस, नेसवणार काय?

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी आमच्या मंडळीत एक नाटक बसवलं. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचा सगळा समाज. वय बावीस, आवाज गावभर ऐकू जाईल एवढा, आणि अक्कल बहुधा माहेरी हुपरीतच खुंटीला टांगून आले होते. रविवारच्या शब्बाथशाळेची मुलं माझ्या हाती दिली होती. मेंढपाळ, देवदूत, गोठा, हे नाताळाला दरवर्षीचं. मला काहीतरी दणदणीत हवं होतं, म्हणून मी कबरींमध्ये राहणाऱ्या त्या भूतग्रस्ताची गोष्ट निवडली.

शुभवर्तमानातली गोष्ट आहे. एक माणूस गावाबाहेर कबरींच्या आसऱ्याला राहायचा. बेड्या घातल्या तर तोडायचा, उघडानागडा ओरडत फिरायचा, दगडांनी स्वतःचं अंग ठेचून घ्यायचा. येशू नावेतून त्या काठाला उतरला आणि त्यानं विचारलं, तुझं नाव काय? आतून उत्तर आलं, सैन्य. कारण आत एक भूत नव्हतं, फौजच होती. येशूनं त्या फौजेला बाहेर निघायची आज्ञा केली. ती निघाली ती डुकरांच्या कळपात शिरली, आणि कळप कड्यावरून थेट पाण्यात.

भुतं व्हायला सगळी मुलं तयार. डुक्कर व्हायला एकही नाही. आया माझ्या दारात भांडायला आल्या.

"माझंच प्वार डुक्कर का? शेजारणीचं दिसंना व्हय तुला?"

शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांच्या स्वतःच्या मुलाला पहिलं डुक्कर केलं, तेव्हा कुठं बाकीची वीसेक डुकरं मिळाली. भूतग्रस्त म्हणून मी घरचाच माणूस उभा केला. माझा धाकटा दीर, तेव्हा अकरावीत, काडीसारखा बारीक. त्याला गोणपाट गुंडाळलं. बेड्यांसाठी हुपरीहून वडिलांकडून चांदीच्या साखळ्या आणल्या. आमच्या घरात पैंजणं बनायची. घाईत मी साखळ्यांचे घुंगरू काढायचे विसरले. त्यामुळं कबरींमधला तो भयंकर माणूस छुमछुम करत आला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "भूत हाय का तमाशातली बाई?"

येशूचं काम एका मवाळ मास्तरांना दिलं होतं. त्यांनी फार हळू आवाजात आज्ञा केली. मला पडद्यामागं राहवेना. सैन्य एवढ्याशा आवाजाला घाबरेल कसं? मीच आतून किंचाळले, "नीऽऽघ!" डुकरं दचकली आणि ठरलेल्या बाजूच्या उलट, प्रेक्षकांत घुसली. प्रभूला माझी मदत लागते, असं त्या वयात मला मनापासून वाटत होतं.

पण खरी फजिती पुढं होती. निवेदन करणारी मुलगी वाचत गेली की गावकरी आले, आणि त्यांना तो माणूस येशूच्या पायाशी बसलेला दिसला, कपडे घातलेला आणि शुद्धीवर आलेला. माझा दीर पायाशी बसला होता खरा, पण गोणपाटातच. भुतं, डुकरं, बेड्या, कडा, सगळ्याचा विचार केला होता मी. कपड्यांचा नव्हता. तो बिचारा गोणपाट दोन्ही हातांनी धरून बसला आणि सगळी मंडळी माझ्याकडं बघू लागली.

पहिल्या ओळीतून सासूबाई उठल्या. सावकाश चालत पुढं आल्या, अंगावरची शाल काढली, लेकाच्या खांद्यावर घातली आणि पडद्याकडं बघून खणखणीत म्हणाल्या, "भूत झ्याक काढलंस गं बाई. आता नेसवणार काय?"

घरी आल्यावर भाकरी थापता थापता त्या पुन्हा म्हणाल्या, "शास्त्र वाचतीस न्हवं? सैन्य काढलं प्रभूनं. ते त्येचं काम. पण त्या मानसाच्या अंगावर कापडं कुठनं आली? नावंतनं आलेल्यांपैकी कुनीतरी आपलं काढून दिलं असंल की. त्येचं नाव कुठं लिवलंय?"

मी तोंड फुगवून बसले होते. भाकरी मात्र तीन खाल्ल्या.

त्यानंतरही बरीच वर्षं माझी भुतांशी लढाई चालू होती. बंद पडलेल्या मिक्सरवर हात ठेवून मी त्यातल्या दुष्टाला धमकावलं होतं. फ्यूज उडाला होता. चुलतभावाची लूना चालू होईना, तिच्यासाठी उपास केला. तिच्यात पेट्रोल नव्हतं. दीर पुढं शिंपी झाला, शाहूपुरीत छोटं दुकान टाकलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "वहिनीनं भर सभेत उघडा ठेवला मला, तवाच ठरवलं, कापडाचंच काम करायचं."

त्याच्या दुकानात कापायला आणि शिवायला तो. काजं-बटणं त्याच्या बायकोची, म्हणजे माझ्या धाकट्या जावेची. ती दाराशी पाटावर बसून काजं करायची. तिचं काज इतकं सुबक असायचं की लोक शर्टाची शिलाई नाही, काज बघून दुकान ओळखायचे. दिवसभर दोघांचं बोलणं जेमतेम. मशीन थांबलं की तिची मान वर व्हायची, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात तिचं पोटाचं दुखणं उघड झालं आणि नाताळाआधी ती गेली.

मग दीर कबरस्तानात जाऊ लागला. आमच्यात ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमते. पुनरुत्थानाची गीतं तिथंच, आपल्या माणसांच्या कबरींपाशी गायची. त्याआधी घरोघरचे लोक जाऊन कबरी झाडतात, चुना लावतात. वर्षातून एकदा. हा रोज लावायचा. सकाळी बादली आणि ब्रश घेऊन जायचा तो अंधार पडता यायचा. आधी सगळ्यांना कौतुक वाटलं. मग दुकान बंदच राहिलं. मग त्यानं अंघोळ सोडली, शर्ट बदलणं सोडलं. घरी आला तरी अंगणातच बसून राही, उंबरा ओलांडत नसे. कुणी हाताला धरलं तर ओरडे. एके दिवशी ब्रशाच्या दांड्यानं स्वतःचा हात ठेचून घेतला, आणि माझ्या पुतण्याचा, म्हणजे त्याच्या मुलाचा, धीर सुटला.

तो माझ्याकडं आला. एकाच गल्लीत आमची घरं. "मोठीआई, मला आता जमंना. ब्रदरना फोन केलाय. शनवारी येत्यात."

ब्रदर म्हणजे बाहेरगावाहून येणारे एक प्रार्थना करणारे गृहस्थ. ते भुतं काढतात असा बोलबाला होता. मी एकदा त्यांची सभा पाहिली होती. चौघं माणसाला धरून बसतात आणि हे कानाशी तोंड नेऊन ओरडतात, तो खाली पडेपर्यंत.

"त्यांनी काय सांगितलं?"

"कबरीचा आत्मा शिरलाय म्हणाले. शास्त्रात हाय म्हणाले, कबरींत ऱ्हानारा मानूस. धरून बसवावं लागंल."

"सदुसष्ट वर्षांच्या मानसाला चौघं धरनार?"

पुतण्या रडायलाच लागला. बरोबर आलेली त्याची बायको, दिराची सून, माझ्याकडं बघेना. म्हणाली, "आत्या, आमी काय करायचं ते तरी सांगा. डॉक्टरकडं चला म्हणलं तर येत न्हाईत. जेवत न्हाईत. डोळ्यांदेखत चाललेत ते."

त्यांना मी काय बोलणार? चुकत नव्हती ती. दमली होती. मी एवढंच म्हटलं, की शास्त्रात आणखी एक गोष्ट आहे. सात भावांनी येशूचं नाव उसनं घेऊन एकाचं भूत काढायचा घाट घातला. भूत म्हणालं, येशूला मी ओळखतो, तुम्ही कोण? आणि त्या माणसानं सातांना असं बडवलं की ते नागडे पळत सुटले. "म्हंजे बघ," मी पुतण्याला म्हटलं, "प्रभूनं काढलं तवा भूतग्रस्ताला कापडं मिळाली, आणि ह्यांनी काढलं तवा काढनाऱ्यांचीच गेली. शनवारपतूर मला वेळ दे."

त्या रात्री, खरं सांगते, मला भीती वाटली. या वयात मी भुतांची चेष्टा करते, पण दुष्टाची करत नाही. तो आहे. एखाद्या माणसाला तो असा आतून पोखरतो की बाहेरून नुसता चुना दिसतो. पण एवढ्या वर्षांत माझ्या एक ध्यानात आलं आहे. शुभवर्तमानात भुतं फार बडबडी आहेत. येशू दिसला की ओरडतात, हात जोडतात, सौदा करतात. तो मात्र ओरडत नाही. थोडं बोलतो आणि बहुतेक वेळा पहिली आज्ञा गप्प बसायची करतो. अधिकार ज्याच्याकडं असतो त्याला आवाज चढवावा लागत नाही. हे मला त्या मवाळ मास्तरांकडं बघून तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी पडद्यामागं घसा ताणत होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याकडून दुकानाची किल्ली घेतली. आत मशीनवर धूळ. त्यावर एक शर्ट पडला होता, फिक्या दुधी रंगाचा, शिवून झालेला. दिरानं स्वतःसाठीच शिवलेला. काजं झाली होती, तिच्या हातची. बटणं लावायची राहिली होती. मी डब्यातून बटणं घेतली, घरी आणली, चष्मा पुसला आणि बसले. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिच्या हातात सुई म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. काही बदललेलं नाही. संध्याकाळपर्यंत बटणं लागली.

शुक्रवारी दुपारी भाकरी, आमटी, शर्ट आणि लेंगा पिशवीत घालून रिक्षानं कबरस्तानात गेले. दीर तिथंच होता. दाढी वाढलेली, कॉलर चुन्यानं कडक झालेली. कबरीवर थरावर थर चढून दगडावरची अक्षरं बुजली होती. जावेचं नाव वाचता येत नव्हतं.

मी शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर बसले. ती आमच्या ह्यांची. जन्मभर माझा भार सोसला, तेव्हा त्यांची हरकत नसणार.

"वहिनी, कशाला आलासा?"

"जेवायला. एकटीला घास उतरत न्हाय."

त्यानं ब्रश ठेवला नाही. चुना ओढता ओढताच म्हणाला, "उद्या भूत काढनार हाईत माजं."

"कळलं."

"असंल बी. आत काय तर हाय." मग माझ्याकडं न बघता बोलत राहिला. "मी तिच्या उशाशी बसून रोज म्हनलो, येशूच्या नावानं नीघ. उपास केले. मोठ्यानं म्हनलो, हळू म्हनलो. तुमच्या नाटकात एका हाकंत पळालं हुतं सैन्य. हितं काय हललं न्हाय. ते आतनं रोज म्हनतंय, तुजा विश्वास थोटका पडला, म्हनून गेली. त्या घरात कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला तिथंच कळलं की कोण बोलतंय. सैन्य म्हणा, काही म्हणा. माझ्या दिराचा तो आवाज नव्हता.

"भावजी, ती हाक माजी हुती," मी म्हटलं. "पडद्यामागनं. प्रभूचा आवाज तुमच्यापतूर पोचलाच न्हाय माज्या आरडाओरड्यात. ते डुकरांचं भ्यानं पळनं हुतं, भुताचं न्हवं."

"मग हिचं दुखनं का गेलं न्हाय?"

"मला ठावं न्हाय."

खरंच नव्हतं. आजही नाही. मी एवढंच सांगितलं की तुझ्यामुळं गेली असं जे म्हणतंय ना, त्याला प्रभू बोलू देत नाही. त्या आवाजाला गप्प करायचा अधिकार तुमचा नाही, माझा नाही, त्या ब्रदरचा नाही. त्याचा. दीर ऐकत होता का नव्हता, कळेना. ब्रश चालूच.

"मला हिच्यासंगं जायचंय," तो म्हणाला.

"त्या कबरींतल्या मानसाला बी प्रभूसंगं जायचं हुतं. बरा झाला आनि नावंत बसाय निघाला. प्रभू म्हनला न्हाय, तू घरी जा, तुज्या मानसांत."

"माजी मानसं हितं हाईत."

  ऊन चढलं होतं. शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, पिशवीतून शर्ट काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

तो बघत राहिला. मग बोटं काजांवरून फिरू लागली. एक, पुढचं, त्याच्या पुढचं. प्रत्येक काजावर अंगठा थांबायचा. मी तोंड फिरवलं. काही गोष्टींकडं वहिनीनं बघू नये.

आणि मग अचानक, "वहिनी!"

मी दचकले.

"ह्ये बटन कुनी लावलंय?"

"मी."

"काजाच्या समोर तरी लावायचं! ह्ये काज हितं, बटन तिथं. घातलं तर एक पाखा कानाला लागंल. आनि ह्ये काय? काळा दोरा? दुधी कापडाला काळा दोरा?"

"चष्म्यातनं पांढराच दिसत हुता."

"आनि ह्ये खालचं तर उलटं लावलंया!" त्यानं शर्ट माझ्यापुढं नाचवला. "तिनं एवढी काजं केली, आनि त्येच्यावर ह्यो धोंडा! तिला दाखवलं असतं तर..."

इथं तो थांबला. हातातला शर्ट तोंडावर धरला आणि रडला. तिच्या दफनाला रडला नव्हता. तेव्हापासून साठलेलं सगळं आलं. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं काहीही म्हटलं नाही. मला अर्ध्या शतकात एवढी एकच गोष्ट शिकता आली आहे.

बऱ्याच वेळानं त्यानं नळावर तोंड धुतलं, हात धुतले, पाय धुतले. म्हणाला, "तिकडं बघा, मी कापडं बदलतो."

"बघतेय कोन? नाटकात बघून झालंय."

त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणायला थोडं कमी. कडुलिंबाच्या आड जाऊन तो आला तेव्हा शर्टाची एक बाजू खरंच कानाला लागली होती. आम्ही दोघांनी भाकरी खाल्ली. मग रिक्षा केली. आमच्या गल्लीत तो अंगणापर्यंत आला, उंबऱ्याशी थबकला. आतून सुनेनं पाहिलं. हाक मारली नाही तिनं, शहाणी पोर. नुसतं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली. तो आत गेला.

लोक म्हणतात, आत्यांनी मुद्दाम वाकडी बटणं लावली. मुद्दाम करण्याएवढी अक्कल माझ्याकडं असती तर मिक्सरवर हात ठेवला असता का?

शनिवारी ब्रदर आले, बरोबर तिघं. दीर घराच्या पुढच्या सोप्यात बसून माझी बटणं उसवत होता. अंघोळ केलेली, दाढी केलेली.

"जय ख्रिस्त," ब्रदर म्हणाले. "बाधा झालेला माणूस कुठाय?"

दिरानं दोरा तोडला. "आत हाय. वहिनी म्हनत्यात तिला. धरायला चौघं पुरायचे न्हाईत."

पुतण्याला हसू फुटलं. मग मी बाहेर आले. ब्रदर म्हणाले, बरे दिसताहेत, पण आत काही राहिलं असेल, खात्री करून घेऊ. मी म्हटलं, "घ्या की पावणं. पन काढलेलं सैन्य घालनार कुठं? आमच्यात डुकरं न्हाईत. शेजाऱ्याची म्हस हाय, ती देनार न्हाय तो."

माणूस वाईट नव्हता.  मग चहा घेतला, दिराच्या शेजारी बसला, आणि हळू आवाजात साधी प्रार्थना केली, थकलेल्या घरासाठी. मी आमेन म्हटलं आणि ते मनापासून होतं.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. नंतर तो पुतण्याबरोबर डॉक्टरकडं गेला, गोळ्या घेतो. काही दिवस अजून वाईट जातात. कबरस्तानातही जातो, पण बादली नेत नाही. टाके उसवायची सुई नेतो. बसून दगडावरच्या अक्षरांतला चुना कोरून काढतो, एकेक अक्षर.

या ईस्टरला अंधार असतानाच सगळे तिथं जमलो. मेणबत्तीच्या उजेडात जावेचं नाव पुन्हा वाचता येत होतं. दीर तोच दुधी शर्ट घालून उभा होता. बटणं सगळी सरळ, दुधी दोऱ्यानं. फक्त सगळ्यात खालचं, ते काळ्या दोऱ्याचं उलटं बटण तसंच होतं.

"ते का ठेवलासा?" मी कानाशी विचारलं.

"नजर वाकडी हाय तुमची," तो म्हणाला. "पन टाका घट्ट हाय. गप उभ्या ऱ्हावा आता, गीत सुरू हुतंय."

आणि मी, जन्मात पहिल्यांदा, सांगितल्याबरोबर गप्प राहिले.